शंभराव्या सामन्याला दोन आया

टॅरिन क्रीक,
गाळप संपून नववा दिवस, डिसेंबर

आदरणीय इनेसताईस, धाकट्या रोझाल्बाचा वाकून नमस्कार (गुडघा वाकतो तेवढंच वाकून).

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझ्या पाठीचं कसं आहे? ग्रेअमभावोजींनी कानातलं यंत्र बसवून घेतलं, की अजून टीव्हीचा आवाज वाढवून सगळ्या गल्लीला बातम्या ऐकवतात? तुमच्या ॲडलेडला हवा कोरडी, तुमचं बरं आहे. इथं टॉवेल वाळत नाही, मीठ डबीत पाझरतं, आणि न्हाणीघरातला हिरवा बेडूक मर्व्हला ओळखायला लागलाय. मर्व्ह मजेत आहे. हंगाम संपला, ऊसतोडणीचं यंत्र धुऊन छपरात लावलं, आणि आता मार्चपर्यंत तो माझ्या पायात पायात करणार.

आता मुद्द्याचं. तीन आठवड्यांपूर्वी आपण बोलत असताना फोन मध्येच बंद पडला. तू तेव्हापासून नात्यातल्या झाडून सगळ्यांना सांगत सुटली आहेस की रोझाल्बानं फोन आपटला. आपटला नाही ताई, निसटला. आंबे कापत होते, हात बरबटले होते. त्याच्या आधी तू "रोझाल्बा, तू त्या बाईवर जळतेस" असं म्हणालीस, त्याचा आणि फोन निसटण्याचा काडीचाही संबंध नाही. तरी तुझा गैरसमज राहू नये म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. जे झालं ते सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे जळणारी कोण आणि सोसणारी कोण ते तुझं तूच ठरव.

तर सुरुवात त्या मुलाखतीपासून. आमची डेल्फिना फुटबॉलचा शंभरावा सामना खेळणार म्हणून टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात तिला बोलावलं होतं. शंभर सामने देशासाठी! आपल्या गावातून देशासाठी गेलेली दुसरी गोष्ट म्हणजे साखर. मग मी काय केलं, महिला मंडळाच्या बायकांना सभागृहात जमवलं. बावीस जणी होत्या. मी स्वतः दोन ट्रे लॅमिंग्टन केक केले होते, कोपरापर्यंत खोबऱ्यात हात बरबटवून. पडद्यावर डेल्फी आली, केस नीट विंचरलेले, (माझ्यासारखेच दाट आहेत, नोरीन टकवेल तसं म्हणालीही), आणि त्या निवेदिकेनं विचारलं, तुमच्या यशाचं श्रेय कुणाला? मी चेहरा नम्र करून तयार ठेवला होता. आणि डेल्फी हसून म्हणाली, "मी नशीबवान आहे. मला दोन आया आहेत. एक टॅरिन क्रीकला आणि एक ब्रिस्बेनला."

मग नोरीन, हातात माझाच लॅमिंग्टन धरून, म्हणाली, "अगंबाई, दुसरी पण आहे? आम्हाला कधी बोलली नाहीस गं!" एकवीस बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मर्व्हनंच शहरात दुसरी केली आहे.

आता तू म्हणशील, त्यात काय एवढं. तू तसंच म्हणालीसही. पण ताई, तुला मुलगे आहेत आणि ते बँकेत आहेत. बचावपटूची आई होणं काय असतं ते तुला कळणार नाही. पुढं खेळणाऱ्या मुलींच्या आयांचं बरं असतं. पोरीनं गोल केला की पडद्यावर तिचं नाव, मग आईचा चेहरा, मग पुन्हा नाव. आमची पोर नव्वद मिनिटं भिंतीसारखी उभी असते, डोकं फुटेस्तोवर चेंडू अडवते, आणि तिचं नाव घेतात कधी? तर एकदा चेंडू तिच्या पायाजवळून निसटला की! बारा वर्षं मी टीव्हीसमोर बसून देवाला विनवत आले की हिचं नाव निघू देऊ नकोस, आणि सामना संपला की रुसत आले की हिचं नाव का निघालं नाही. नव्व्याण्णव सामन्यांत एक गोल आहे तिच्या नावावर. तोही ती पाठ करून दुसऱ्या कुणाला तरी ओरडत होती तेव्हा खांद्याला लागून आत गेला.

हा स्वभाव तिचा जन्माचाच. पाच वर्षांची असताना कारखान्यामागच्या मैदानावर गुरुजींनी सगळ्या पोरांना विचारलं, गोल कुणाकुणाला करायचाय? सगळ्यांनी हात वर केले. हिनं केला नाही. म्हणाली, "मग मागं कोण थांबणार?" हे माझंच वळण. आईच्या बाराव्या वाढदिवसाला (साठीनंतर तिनं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं होतं, आठवतंय ना) सगळे फोटो काढायला अंगणात धावले, आणि मागं ओव्हनपाशी कोण थांबलं? त्या फोटोत मी नाही. तू मधोमध आहेस.

पंधराव्या वर्षी तिला ब्रिस्बेनच्या अकादमीनं निवडलं. इथून सोळाशे किलोमीटर. अशा लांबच्या मुलींना अकादमी शहरातल्या कुणाच्या तरी घरी ठेवते, आणि आमच्या वाट्याला आली जॅनेल व्हिटकोम. दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवून घेणारी बाई. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही, घर एवढं टापटीप की चप्पल काढून आत जावं आणि पायही बाहेर ठेवावेत असं वाटतं. डेल्फी चार वर्षं तिच्याकडे राहिली. नंतर स्वीडनला खेळायला गेली तरी येता-जाता मुक्काम तिथंच. चोविसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तेव्हा शस्त्रक्रिया ब्रिस्बेनलाच झाली. मी दोन आठवडे जाऊन इस्पितळाजवळच्या खोलीत राहिले, मग गाळप सुरू झालं आणि मर्व्ह एकटा तीन दिवस टोस्टवर जगतोय असं कळलं म्हणून परत आले. पुढचे सात महिने त्या पोरीला कुबड्यांवरून पायांवर कुणी आणलं? जॅनेलनं. फोनवर डेल्फी सांगायची, आज जॅनीनं मला पायऱ्या चढवल्या, आज जॅनीनं मला पोहायला नेलं. मी म्हणायची, वा वा. आणि फोन ठेवून ओटा घासायची. त्या वर्षी आमच्या ओट्याचा रंग गेला.

पण माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती, जी जॅनेलकडे नव्हती. ती म्हणजे दुसऱ्या फोनची. तुला ती पाठ आहे, मीच दहादा सांगितली आहे. सोळाव्या वर्षी डेल्फीला संघातून वगळलं. रविवार होता. जॅनेलच्या घरच्या फोनवरून तिनं रडत रडत मला सांगितलं, आई, मला खेळायचं नाही, घरी यायचंय. मी म्हटलं, ये बाळा, बाबा उद्या गाडी घेऊन निघतील. मग तासाभरानं मी पुन्हा फोन केला आणि म्हटलं, मी घाईनं बोलले, शनिवारपर्यंत खेळ, मग ठरव, काहीही ठरवलंस तरी मी तुझ्याबरोबर आहे. ती थांबली. शनिवारी खेळली आणि पुन्हा तिला कुणी वगळलं नाही. "आईनं तो दुसरा फोन केला नसता तर मी आज इथं नसते," असं तिनं वर्तमानपत्रात सांगितलंय. ते कात्रण आमच्या बैठकीत चौकटीत आहे. तू आलीस की त्याच्याखालीच बसतेस.

असो. मुलाखतीनंतर चौथ्या दिवशी फुटबॉल संघटनेच्या कचेरीतून एका गोड गळ्याच्या मुलीचा फोन आला. शंभराव्या सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्या संघासमोर खेळाडूला तिची जर्सी घरच्या माणसाच्या हातून देतात, तर तुम्ही याल का? मी म्हटलं, येईन म्हणजे काय! ती म्हणाली, डेल्फिनानं दोन नावं दिली आहेत. मी म्हटलं, हो, माझं आणि मर्व्हचं. ती म्हणाली, "नाही... तुमचं आणि जॅनेल व्हिटकोमचं." मग मी तुला फोन केला आणि तो निसटला.

मी ठरवलं, जायचं, पण तयारीनं. डेल्फीच्या जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंतचे फोटो एका अल्बममध्ये लावले. दोनशे अकरा. पाळण्यातली, उसाच्या फडापुढं उभी असलेली, पुढचे दात पडलेली, कांजिण्या आलेली. ही पंधरा वर्षं जॅनेलला कुठल्याही दुकानात मिळणार नव्हती. तो अल्बम मी तिच्या टेबलावर, सहज म्हणून, विसरणार होते. शिवाय मोठी थाळीभर कॅनेलोनी केली, आईच्या पद्धतीची, पास्त्याची एकेक नळी हातानं भरून, आणि एक पेटी आंबे. डेल्फीला चघळायला दोन कांडी ऊसही घेतला होता, पण मर्व्हनं तो गाडीतून बाहेर फेकला. इकडचा ऊस खाली न्यायला बंदी आहे, रोगराई पसरते म्हणे. "लेकीच्या शंभराव्या सामन्याला तुला जेलमधून आणायचं का?" म्हणाला.

मर्व्ह विमानात बसत नाही (जे यंत्र मला खोलून बघता येत नाही त्यात मी बसणार नाही, असं तत्त्व आहे त्याचं), म्हणून आम्ही गाडीनं निघालो. दोन दिवस. कॅनेलोनी मागं बर्फाच्या पेटीत. सांगते ताई, खड्डा आला की मी मागं वळायची आणि मर्व्ह म्हणायचा, "ती काही उडी मारून पळत नाही." पळाली नाही, पण रॉकहॅम्प्टनच्या पुढं एक कांगारू आडवा आला, मर्व्हनं करकचून ब्रेक दाबला, आणि पेटीनं मागच्या मागं कोलांटी घेतली. ब्रिस्बेनला जॅनेलच्या दारात मी झाकण उघडलं तेव्हा आत एकजीव असा लालसर लगदा होता. जॅनेलनं डोकावून बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "किती सुरेख! हे गोड असतं का?"

ही बाई पूर्वी उंच होती. निदान माझ्या डोक्यात तरी होती. पंधरा वर्षांत मी तिला पाच वेळा भेटले असेन, दर वेळी उभ्या उभ्या. आता बघितली तर माझ्या खांद्याला लागते, हातात काठी, आणि घालायला कोणता झगा काढलेला? माझ्यासारखाच मोरपंखी! दोघींनी एकाच दुकानाच्या पुस्तकातून मागवला होता. मर्व्ह म्हणाला, "आता तुमच्यातली डावी कोण आणि उजवी कोण ते ठरवा, बचावफळी झाली." कुणी हसलं नाही. म्हणजे जॅनेल हसली. ती त्याच्या विनोदांना हसते.

मग चहा. मी सहज म्हटलं, डेल्फीला तीन चमचे साखर लागते, उसाच्या घरातली पोर आहे. जॅनेल हळूच म्हणाली, "ती बिनसाखरेचा घेते. सतरा वर्षांची असल्यापासून." टॅरिन क्रीकची मुलगी, बाप ऊस तोडतो, आजोबा कारखान्यात मेले (म्हणजे सेवानिवृत्तीच्या समारंभात, पण कारखान्यातच), आणि चहा बिनसाखरेचा! मला हे चौदा वर्षं कुणी सांगितलं नाही. घरी आली की माझा तीन चमच्यांचा चहा ती मुकाट्यानं पिते. फ्रिजवर बघितलं तर नव्व्याण्णव छोट्या चिठ्ठ्या, एकेका सामन्याची एकेक, तारीख आणि समोरचा संघ, बारीक सुबक अक्षरात. माझ्या फ्रिजवर गॅस सिलिंडरवाल्याचा नंबर आहे.

तेव्हा मी अल्बम काढला. विसरायचं वगैरे नाटक केलंच नाही, सरळ तिच्यापुढं ठेवला, आणि समोर बसले बघायला की चेहरा कसा पडतो. ताई, ती बाई तो अल्बम असा बघायला लागली, जसं उपाशी माणूस खानावळीच्या काचेतून बघतो. एकेक पान. हे कुठलं? इथं ती किती वर्षांची? ही कुत्री कुणाची? पडलेल्या दातांच्या फोटोवर तर तिनं बोट ठेवलं आणि उचलेचना. म्हणाली, "हे मला कधी कुणी दाखवलं नाही हो. माझ्याकडे आली तेव्हा ती तयारच होऊन आली होती." जळवायला नेलेली गोष्ट अशी फुकट जावी, याच्यासारखं वाईट काही नाही. मलाच कसंतरी व्हायला लागलं. मी कांजिण्यांचं पान पटकन उलटलं, तर म्हणाली, थांबा ना.

आणि मग अल्बम मिटून ती म्हणाली, "रोझाल्बा, उद्या मी येत नाही. पाय दुखतोय. तुम्ही दोघं जा."

माझ्या मनात काय झालं ते लिहायची लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. पहिल्यांदा आनंद झाला. चांगला घोटभर. वरवर मी म्हटलं, "असं कसं, डेल्फीनं नाव दिलंय तुमचं." तर ती काठीशी चाळा करत म्हणाली, "तिथं ते दुसऱ्या फोनबद्दल विचारतील. मला खोटं बोलता येतं, पण लोकांसमोर चेहरा सांभाळता येत नाही."

ताई, आता नीट बसून वाच. तो दुसरा फोन मी केला नव्हता.

कधीच केला नव्हता. त्या रविवारी मी डेल्फीला ये म्हटलं, जॅनेलला फोनवर घेऊन सांगितलं की तिची बॅग भरा, आणि मर्व्हला गाडीत डिझेल भरायला पाठवलं. मी खूश होते. माझी पोर परत येणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्व्ह म्हणाला, तिचा विचार बदललाय, राहतेय ती. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पुढं दहा वर्षांनी ते पेपरात छापून आलं तेव्हा मला वाटलं, पोरीचा काहीतरी घोळ झालाय. पण इतका सुंदर घोळ कोण दुरुस्त करतं? कात्रण कापलं, चौकट केली. दोन-चार वेळा सांगितल्यावर मला तो फोन आठवायलाही लागला. मी तेव्हा कुठला फ्रॉक घातला होता तेसुद्धा मी नोरीनला सांगत असे.

"मीच सांगितलं तिला," जॅनेल म्हणाली. "बॅग भरायला घेतली आणि भरवेना. तिला म्हटलं, तुझ्या आईचा परत फोन आला होता. ती म्हणाली, शनिवारपर्यंत खेळ. माझं म्हणून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. मी कोण? तुमचं म्हणून सांगितल्यावर तिनं डोळे पुसले आणि बूट शोधायला लागली."

"आणि मर्व्ह? तो तर निघणार होता!"

"मर्व्हला मी फोन केला."

मी वळून बघितलं. मर्व्ह तो लगदा चमच्यानं खात होता. पंधरा वर्षं ज्यानं हे पोटात ठेवलं तो माणूस तोंड भरलेलं असताना म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही." वर आणखी, "तू तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत होतीस का? आणि नंतर भिंतीला खिळा मीच ठोकलाय, चौकट लावायला. मी काय बोलणार?"

ताई, जिच्या नावानं मी पंधरा वर्षं ओटा घासला, तिनं मला माझ्याच बैठकीत चौकटीत नेऊन बसवलं होतं. आणि मी जर शहाणी ठरले असते, माझं जर ऐकलं गेलं असतं, तर डेल्फी आज कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन लिहीत असती. आणि मी सुखात असते. हेच तर वाईट.

म्हटलं, "काठी घ्या. उद्या तुम्ही येताय. नाही आलात तर मीही जात नाही, मग मर्व्ह देईल जर्सी आणि ट्रॅक्टरवर भाषण करेल."

दुसऱ्या दिवशी गेलो, दोन मोरपंखी झगे आणि एक मर्व्ह. सगळा संघ गोल करून उभा. काय उंच पोरी गं! डेल्फी मध्ये. प्रशिक्षक बाईंनी भाषण केलं आणि अपेक्षेप्रमाणं त्या म्हणाल्या, ज्या आईनं तो दुसरा फोन केला ती आज इथं आहे. टाळ्या. माझ्या हातात जर्सी, पाठीवर शंभरचा आकडा. माझ्याकडे तीन पानी भाषण होतं, त्यातलं दीड पान माझ्या बाळंतपणावर. मी कागद उघडला आणि एक अक्षर दिसेना. चष्मा गाडीत राहिला होता, हे एक कारण. मग मी म्हटलं, "मी केला नव्हता तो फोन. मी बॅग भरायला सांगितली होती. फोनचं सगळं या जॅनेलचं आहे. मला आत्ता कालच कळलं, आणि त्याआधी मी खोटं बोलत होते."

कुणी टाळी वाजवेना. एका पोरीनं वाजवायला घेतली आणि मध्येच थांबली. जॅनेल जमिनीकडे बघत होती. आणि डेल्फी, माझी डेल्फी, म्हणाली, "मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"त्या संध्याकाळी मी फोनच्या शेजारीच बसले होते. तू परत करशील म्हणून. तो वाजलाच नाही."

"मग पेपरात का सांगितलंस गं?"

"जॅनी इतकं चांगलं खोटं बोलली होती, मला ते फुकट घालवायचं नव्हतं. आणि मला वाटलं, चार वेळा छापून आलं की तुला तो केल्यासारखा आठवायला लागेल."

आठवायला लागलाच होता की. जर्सीची एक बाही मी धरली होती, दुसरी मी जॅनेलच्या हातात दिली, आणि दोघींनी मिळून ती पोरीच्या डोक्यातून अशी ओढली की तिचा कान अडकला. मग मात्र सगळे हसले आणि टाळ्या झाल्या.

सामन्याचं काय लिहू? तू बघितलाच असशील. शून्य-शून्य. लोक कुरकुरत घरी गेले, पण बचावपटूच्या आईला शून्य-शून्यपेक्षा गोड काही नाही. शेवटच्या पाच मिनिटांत आमची गोलरक्षक चकली आणि चेंडू रिकाम्या जाळीकडे निघाला, तेव्हा रेषेवर कोण होतं ते तुला दिसलं असेल. सगळं मैदान तिचं नाव ओरडलं. बारा वर्षांत पहिल्यांदा, चांगल्या कारणासाठी. मी काही पाहिलं नाही. मी आणि जॅनेल एकमेकींच्या खांद्यात तोंड घालून बसलो होतो. मर्व्हनं मागून सांगितलं, "अडवला. आता बघा."

सामना संपल्यावर डेल्फी कठड्याकडे धावत आली. आम्ही दोघी उठून उभ्या. मी एक हात पसरला, जॅनेलनं एक (दुसऱ्यात काठी). मनात म्हटलं, आता कळेल पहिली कोण. ती आली, दोघींच्या मधून सरळ आत शिरली आणि मर्व्हच्या गळ्यात पडली. मर्व्हच्या! ज्यानं या सगळ्या कारकिर्दीत केलं काय, तर एक खिळा ठोकला! आणि तो म्हणतो कसा, "घामेजली आहेस, टॉवेल घे." जॅनेल माझ्या कानाशी म्हणाली, "हे काही बरोबर नाही हं, रोझाल्बा." पंधरा वर्षांत आम्हा दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं. परतीच्या वाटेवर आम्ही मर्व्हशी एक अवाक्षर बोललो नाही, आणि त्यालाही ते जिंपीपर्यंत कळलं नाही. (हो, जॅनेल जिंपीपर्यंत आमच्याबरोबर आली, तिच्या भाचीकडे. पुढं बसली. मी मागं रिकाम्या बर्फाच्या पेटीशेजारी.)

तर हे असं झालं. यात जळण्याचा प्रश्न कुठं आला ते तूच सांग. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, पाठीला शेक दे आणि वाकू नकोस.

तुझी,
रोझाल्बा

ता. क. : ईस्टरला जॅनेल दहा दिवस आमच्याकडे राहायला येते आहे. मी बोलून बसले त्या भरात. आता विचार करते की दहा दिवस या बाईशी बोलायचं काय? मर्व्ह तिला यंत्र दाखवणार म्हणतोय, पण त्याला एक दुपार पुरते. म्हणून खरं तर हे पत्र. तू ये. दहाही दिवस ये. तुझ्याशिवाय माझं निभायचं नाही.

ता. क. २ : येशील तेव्हा तिच्याशी फार गोड बोलू नकोस. तुझं मला ठाऊक आहे. शाळेत ग्लोरिया माझी मैत्रीण होती. तू सुट्टीला आलीस, आठ दिवसांत तिला पोहायला काय नेलंस, वेण्या काय घातल्यास, आणि आजतागायत नाताळचं कार्ड ती तुला पाठवते. जॅनेल परवा फोनवर मला "अगं" म्हणाली. आत्ता कुठं "अहो"वरून "अगं"वर आली आहे. तिला मी शोधली आहे, इनेसताई. म्हणजे डेल्फीनं शोधली, पण माझ्यामार्फत.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, वाफ देऊन पुन्हा उघडलं. सगळा विचार केला. तुझी पाठ दुखते, प्रवास लांबचा. तू येऊ नकोस. भावोजींना एकट्यांना पाठव. त्यांच्यावर कुणी इतकं पटकन भाळत नाही.